घरच्या धंद्यात आपला तास कुठे लिहिता?



राखीपौर्णिमा झाली की दशलक्षण पर्व, मग क्षमावाणी, मग दिवाळी आणि तिच्या मागोमाग लग्नसराई. आपल्यातल्या ज्या बायका घरी राख्या, तोरणं, पैशांची पाकिटं, रुखवताच्या वस्तू करतात किंवा कॉम्प्युटरवर पत्रिका करून देतात, त्यांचा वर्षाचा बहुतेक धंदा या पाच-सहा महिन्यांत होतो. याच दिवसांत त्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सुटतं काहीतरी, आणि वेळही जातो." काहीतरी म्हणजे किती? आणि वेळ जातो तो कोणाचा? आपल्या घरची पुरुष मंडळी दुकानात रोज संध्याकाळी गल्ला मोजताना हेच प्रश्न सोडवत असतात. आपल्या कामाला ते लागू नाहीत, असं मात्र आपण बायकाच धरून चालतो.

माझं मत सरळ आहे. घरगुती हस्तकला आणि डिझाइनच्या धंद्याचं जेवढं नुकसान बाजारातला स्वस्त माल करतो, त्याहून जास्त नुकसान किंमत ठरवताना स्वतःचा तास न लिहिल्यानं होतं. आणि हा तास लिहू न देण्यात आपण, म्हणजे विकत घेणाऱ्या बायका, सगळ्यात पुढे असतो.

आमच्या घरी हा धंदा सात-आठ वर्षं चालू आहे. सून पत्रिका, लोगो, दुकानांची लेबलं करते. मी पाकिटं आणि तोरणं करते, आणि वही माझ्याकडे असते. मी १९८१ साली बी.कॉम. झाले. नोकरी केली नाही, पण कॉस्टिंगच्या पेपरात शिकलेली एक गोष्ट डोक्यातून गेली नाही. वस्तूची किंमत तीन गोष्टींनी बनते: साहित्य, मजुरी आणि वरखर्च. आपल्या बायका साहित्य पैशापैशानं लिहितात. वरखर्च अर्धामुर्धा लिहितात. मजुरीचा रकाना कोराच राहतो, कारण मजूर घरचाच असतो.

एका पाकिटाचा हिशेब मांडून दाखवते. जाड कागदाचे १० रुपये, लेस ४, कुंदन-मोती ३, गोंद १ आणि वरची प्लास्टिकची पिशवी २. साहित्य झालं २० रुपये. पाकीट ३५ ला विकलं, म्हणजे १५ रुपये सुटले असं आपण म्हणतो आणि खूश होतो. आता एका पाकिटाऐवजी १०० पाकिटांचा हिशेब करू. साहित्य २,००० रुपये. त्यांतली काही कापताना बिघडतात, काही डागाळतात, काही पडून राहतात. अशी १० धरली तर विकली गेली ९०, आणि हाती आले ३,१५०. बाजारात जाणं-येणं आणि कुरिअर मिळून २५० गेले. उरले ९०० रुपये. कापणं, घडी, चिकटवणं आणि सजावट धरून एका पाकिटाला २० मिनिटं लागली, तर १०० पाकिटांना ३३ तास. साहित्य निवडणं, फोनवर रंग सांगणं-ऐकणं आणि बांधाबांध यांचे आणखी ७ धरा. एकूण ४० तासांचे मिळाले ९०० रुपये, म्हणजे तासाला साडेबावीस.

घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना आपण तासाचे याहून जास्त देतो, आणि ते योग्यच आहे. मग तोच न्याय स्वतःच्या हाताला का नको?

आता तासाचे फक्त ८० रुपये धरून पुन्हा हिशेब करा. ४० तासांची मजुरी ३,२००. साहित्य आणि वाहतूक २,२५०. बेरीज ५,४५०. ती ९० पाकिटांवर वाटली की एका पाकिटाला ६० रुपये ५६ पैसे येतात. यात नफ्याचा रुपयाही नाही, ही नुसती पडकिंमत झाली. म्हणजे ३५ ला विकणारी बाई प्रत्येक पाकिटामागे गिऱ्हाइकाला साधारण २५ रुपये आपल्या झोपेतून आणि डोळ्यांतून देत असते.

लगेच प्रश्न येतो, "६० ला कोण घेईल? बाजारात दहा रुपयांना पाकीट मिळतं." प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. पहिलं उत्तर असं, की हाताच्या कामातलं नेमकं काय गिऱ्हाइकाला दिसतं ते बघा. कागद सरळ कापला आहे की नाही, एवढंच दिसतं. तो कात्रीनं कापला की मशीनवर, हे कुणाला दिसत नाही आणि त्याचे जास्तीचे पैसेही कुणी देत नाही. आमच्या २० मिनिटांतली ८ मिनिटं कापण्यात आणि घडीची रेघ मारण्यात जात. ते काम प्रेसमध्ये डायवर करून घेतलं तर पाकिटामागे ३ रुपये लागतात, पण १०० पाकिटांचं काम ३३ तासांवरून २० तासांवर येतं. मग पडकिंमत ५२ रुपयांच्या आसपास बसते. हात राखून ठेवायचा तो सजावटीसाठी, नाव लिहिण्यासाठी, गिऱ्हाइकाच्या साडीशी रंग जुळवण्यासाठी. दहा रुपयांच्या पाकिटावर नवऱ्यामुलीचं नाव नसतं. ते हवं असणारी बाई ६० रुपये देते, आमचा अनुभव आहे.

दुसरं उत्तर थोडं कडू आहे. सगळ्या हिकमती करूनही एखाद्या वस्तूत तासाची मजुरी बसत नसेल, तर ती वस्तू धंद्यासाठी करू नये. हौसेनं नातवंडांसाठी करावी, मंदिरात द्यावी, पण विकायला ठेवू नये. आपण पडकिंमतीच्या खाली विकलं की फक्त आपलंच नुकसान होत नाही. शेजारच्या गल्लीत जिचं घर याच कामावर चालतं, तिचाही भाव आपण पाडतो. नवऱ्याची पेन्शन येते म्हणून मला ३५ ला विकणं परवडेल. तिला परवडत नाही.

आता डिझाइनकडे येते. तिथे परिस्थिती आणखी अवघड, कारण वस्तू हातात दिसतच नाही. पाकिटाला निदान कागद तरी लागतो. मोबाइलवरच्या पत्रिकेला काय लागतं, असं लोकांना वाटतं. "पाच मिनिटांचं काम आहे गं, नुसतं नाव बदलायचं." सुनेच्या एका पत्रिकेचा वेळ मी घड्याळ लावून लिहिला. बोलणं आणि मजकूर घेणं पाऊण तास, आखणी तीन तास, टायपिंग आणि तपासणी एक तास. त्यानंतर सात वेळा बदल, प्रत्येक वेळी २० मिनिटं. एकूण सात तास. दर ५०० रुपये, म्हणजे तासाला ७१. यातून इंटरनेट आणि सॉफ्टवेअरची वर्गणी जायची, आणि शिकण्यात घातलेली वर्षं तर कुठेच धरलेली नाहीत.

त्या पैशांत गिऱ्हाइकाला काय मिळतं, तेही ऐका. फोनच्या पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात आणि छपाईचे रंग शाईचे, म्हणून पडद्यावर झळकणारं कुंकवाचं लाल कागदावर मंद उतरतं. हे आधीच ओळखून रंग निवडावा लागतो. व्हॉट्सअपवर साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो आकुंचन पावतो आणि छापल्यावर फाटल्यासारखा दिसतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा लागतो. छपाईसाठी साधारण ३०० डीपीआय लागतं. कडेला ३ मिलिमीटर रंग जास्तीचा सोडावा लागतो, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये घेतला की अक्षरांचं कडबोळं होतं, तो पुन्हा टाइप करावा लागतो. विधानाच्या पत्रिकेत महाराजांची आणि माताजींची नावं योग्य क्रमानं आणि योग्य उपाध्यांसह यावी लागतात. आणि चांगली डिझायनर असेल तर ती हेही सांगते, की पत्रिकेवर भगवंतांची प्रतिमा नको, स्वस्तिक किंवा कलश घेऊ. पत्रिका शेवटी रद्दीत जाते आणि त्याचा दोष आपल्याला नको. ही समज पाच मिनिटांत येत नाही.

म्हणून आमच्या घरी तीन नियम आहेत आणि ते प्रत्येक सुनेनं, प्रत्येक मुलीनं करावेत असं मला वाटतं. अर्धे पैसे आधी. दोन वेळा बदल दरात धरलेले, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. आणि शेवटची प्रत तपासून गिऱ्हाइकानं "ठीक आहे, छापा" असं लिहून पाठवल्याशिवाय फाइल प्रेसला जात नाही. तारीख चुकली, आडनाव चुकलं, तर पुन्हा छपाईचा खर्च कोणी करायचा यावर नाती तुटतात. लिहून घेतलं की नातं टिकतं. सुरुवातीला दोन-तीन जणींना राग आला. आता त्याच जणी दुसरीकडे आमचं नाव सांगतात.

सगळ्यात नाजूक विषय म्हणजे मंदिराचं आणि समाजाचं काम. पंचकल्याणक असो, महिला मंडळाचा कार्यक्रम असो, बॅनर आणि पत्रिका आपल्या सुनेनं फुकट करायची हे ठरलेलंच असतं. "धर्माचं काम आहे" म्हटलं की ती बिचारी काही बोलत नाही. पण जरा बघा, त्याच कार्यक्रमात मांडववाल्याला पैसे मिळतात, आचाऱ्याला मिळतात, बँडवाल्याला मिळतात, प्रेसवाल्यालाही मिळतात. फुकट एकटीच असते, ती पत्रिका करणारी.

माझ्या या बोलण्यावर कुणी म्हणेल, की काकी, दानाचं महत्त्व तुम्हाला कळत नाही का? कळतं. आपल्याकडे दानाची केवढी मोठी परंपरा बायकांनी चालवली आहे. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे होऊन गेली. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती तिनं हातानं लिहवून घेतल्या आणि वाटल्या. लोक तिला दानचिंतामणी म्हणत. लक्कुंडीला तिनं बांधवलेलं जिनालय आजही उभं आहे. आता हे दान कोणाचं होतं, ते बघा. जिच्याकडे होतं आणि जिनं मनानं दिलं, तिचं. कुणी तिच्याकडून भिडेनं काढून घेतलेलं नव्हतं. दान आणि भीड यांत फरक आहे. दान देणारीच्या इच्छेनं होतं. भिडेत इच्छा घेणाऱ्याची असते, आणि देणारीच्या मनात वर्षभर कढ राहतो. त्यातून पुण्य कसं लागणार?

यावर साधा उपाय आहे. समाजाच्या कामाचंही बिल करा. १,५०० रुपयांचं काम असेल तर तसं लिहा, आणि खाली "दान म्हणून अर्पण" असं लिहून समितीला द्या. देण्याची शक्ती असेल तेव्हा द्या, नसेल तेव्हा हात जोडून पैसे मागा. समितीला कळतं की काय मिळालं, घरच्यांना कळतं की काय दिलं, आणि अहवालात देणगीदारांच्या यादीत सुनेचं नावही येतं. ते यायलाच हवं.

पैसे मागायचे म्हणजे माल खरा हवा, ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण स्वाध्यायात ऐकतो. ते जुन्या बाजारपेठेसाठी सांगितलेले आहेत, पण मला ते थेट या धंद्याला लागू दिसतात. दुसऱ्याला चोरीला लावणं हा एक. "नेटवरची ही पत्रिका अगदी अशीच करून दे" असं डिझायनरला सांगणं वेगळं काय आहे? चोरीचा माल घेणं हा दुसरा. पेनड्राइव्हमधून मिळालेलं फुकटचं चोरटं सॉफ्टवेअर त्यातच येतं. आणि आता त्याची गरजही उरलेली नाही. मुक्त आणि बल्लू यांसारखे देखणे देवनागरी फाँट मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले आहेत आणि ते धंद्यासाठीही मोफत वापरता येतात. राज्याचे नियम मोडून व्यापार करणं हा तिसरा, खोटी वजनमापं हा चौथा. आणि पाचवा म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, एकाच्या जागी दुसरं देणं. घाऊक बाजारातून डझनावारी राख्या आणायच्या, वर एक मोती चिकटवायचा आणि "हस्तनिर्मित" म्हणून विकायच्या, हा प्रतिरूपक व्यवहार आहे. आम्ही पाकिटांवर "कापणी मशीनवर, सजावट हाताने" असं छापतो. त्यामुळे एकही गिऱ्हाईक तुटलेलं नाही.

साहित्याचंही तसंच. आपल्यातल्या बऱ्याच जणी रेशीम, लाख, शिंपले, सरस टाळतात. दुकानात "रेशमी धागा" म्हणून मिळतो तो बहुतेकदा रेयॉन किंवा पॉलिएस्टरचा असतो, पण नेहमी असेलच असं नाही. विचारून घ्या आणि लेबलवर स्पष्ट लिहा. हे लिहिलेलं वाचून घेणाऱ्या बायका आहेत, आणि त्या भावासाठी घासाघीस करत नाहीत.

आता कागदपत्रांचं थोडक्यात, कारण याला घाबरून कितीतरी जणी धंदा लपवूनच ठेवतात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि तिला फी नाही, त्यामुळे त्यासाठी कुणाला हजार रुपये देऊ नका. जीएसटीची मर्यादा आपल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्यांना वर्षाला ४० लाखांची आहे. डिझाइन ही सेवा धरतात, म्हणून वस्तू आणि डिझाइन दोन्ही असेल तर २० लाख धरा. आपल्यातल्या फार थोड्या जणी तिथवर पोचतात. परराज्यात माल पाठवायचा असेल किंवा ऑनलाइन कंपन्यांमार्फत विकायचा असेल तर नियम वेगळे आहेत, ते आपल्या कर सल्लागाराला विचारा. घरच्या दुकानाचा सल्लागार असतोच, त्याला सुनेचंही काम सांगा.

आणि बँकेत खातं स्वतःच्या नावानं काढा. "यांच्याच खात्यात येऊ दे, घरातच तर आहे" असं म्हणून पैसा मिसळला की वर्षाअखेरीला काय मिळवलं ते कधीच कळत नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैन समाजालाही लागू आहे, आणि त्याच्या १४ व्या कलमात स्त्रीनं स्वतःच्या कौशल्यानं आणि श्रमानं मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिची मानली आहे. कायद्यानं दिलेलं आपण सवयीनं सोडून देतो. घरखर्चाला हातभार लावायचा तर जरूर लावावा, पण आपल्या खात्यातून, आपल्या सहीनं.

लिज्जत पापडाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. आपण ती गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. मला तिच्यातली दुसरी बाब मोठी वाटते. तिथे पापड लाटणाऱ्या बहिणीला लाटलेल्या पापडांचे पैसे मिळतात. लाटणं हे काम धरलं, वेळ घालवणं धरलं नाही. घरात बसून केलेल्या कामालाही मजुरी असते, हे त्या बायकांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ठरवलं आणि म्हणून ते टिकलं.

विकणाऱ्या सख्यांना माझं सांगणं इतकंच, की या हंगामात वहीत एक रकाना वाढवा: तास. दर किती धरायचा ते नंतर ठरवा, आधी तास लिहायला लागा. महिन्याभरात कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती सोडायची, ते तुमचं तुम्हाला दिसेल.

आणि विकत घेणाऱ्या सख्यांनो, साडीच्या मोठ्या दुकानात एका शब्दानं कमी न करता तुम्ही हजारो रुपये देऊन येता. ओळखीच्या मुलीकडून ६० रुपयांचं पाकीट घेताना मात्र "घरच्यांना काय लावशील?" असं विचारता. घरचीच आहे म्हणून तिला पूर्ण पैसे द्या. पुढच्या वेळी भाव विचारण्याआधी तिला विचारा, "किती वेळ लागला गं याला?" ती काय सांगते ते ऐका आणि मग पर्स उघडा.